ईशान मोठा झाल्यावर काय?

चांदणी चौक मागे टाकून पौड रोडला लागलं की पुणेकरांचा वीकएंड सुरू होतो. पिरंगुट, पौड करत गाडी कोळवणला पोचते. कुणी हाडशीच्या देवळाला निघालेलं असतं, कुणी चिन्मय विभूतीला, कुणी तिकोन्यावर. याच कोळवणमध्ये एक पत्ता आहे, जो कुठल्याच पिकनिक-लिस्टमध्ये नसतो. साधना व्हिलेज. १९९४ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेत बौद्धिक अक्षमता असलेली प्रौढ माणसं राहतात. 'प्रौढ' या शब्दाखाली जरा रेघ मारा. कारण खरा प्रश्न तिथेच आहे.

पडद्यावरचे आणि पडद्यामागचे

'तारे जमीं पर' आठवतोय ना? २००७ चा डिसेंबर, अमोल गुप्तेंचं लेखन, पाचगणीची शाळा आणि थिएटरमध्ये रुमाल शोधणारे आपण सगळे. डिस्लेक्सिया हा शब्द त्या एका सिनेमाने घराघरात नेला. महाराष्ट्राचं कौतुक म्हणजे, अशा मुलांना परीक्षेत सवलती देणं आपल्या राज्याने १९९६ मध्येच सुरू केलं होतं. पण सिनेमा संपतो तेव्हा ईशान शाळेतच असतो. तो पंचवीस वर्षांचा झाल्यावर काय, हे कुणी विचारत नाही.

मोठी माणसं दाखवलीच, तर ती कशी? १९८८ च्या 'रेन मॅन'मधला रेमंड आकड्यांचा जादूगार असतो, आणि तरी शेवटी संस्थेतच परत जातो. १९९१ च्या 'चौकट राजा'मध्ये दिलीप प्रभावळकरांनी रंगवलेला नंदू वयाने वाढलेला, मनाने लहान. त्याने मराठी घरांना रडवलं. 'माय नेम इज खान' (२०१०) आणि 'बर्फी' (२०१२) आले. २०१४ च्या 'यलो'त तर डाऊन सिंड्रोम असलेली पुण्याची जलतरणपटू गौरी गाडगीळ स्वतःच्याच भूमिकेत होती. हे झालं भारी. पण एकंदरीत फंडा असा, की एकतर जीनियस दाखवा, नाहीतर निरागस. साधं, कामाला जाणारं, कधी वैतागणारं माणूस मात्र क्वचितच दिसतं.

शब्दांचा प्रवास

आपल्याकडचे जुने शब्द आठवून बघा. खुळा, अर्धवट, येडं. कायद्याची भाषाही वेगळी नव्हती. १९१२ च्या इंडियन लुनसी अ‍ॅक्टने 'इडियट' आणि वेडा यांना एकाच व्याख्येत बसवलं होतं. मग 'मतिमंद' आला, 'गतिमंद' आला, ऑटिझमसाठी 'स्वमग्नता' आला. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले. त्यात ऑटिझम आहे, अध्ययन अक्षमता आहे. एडीएचडीला मात्र त्या यादीत स्वतंत्र जागा नाही.

एडीएचडीची गंमत वेगळीच. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या १९६८ च्या यादीत ते 'बालपणाची' अतिचंचल प्रतिक्रिया म्हणून नोंदलं गेलं. म्हणजे मोठं झालं की संपलं! प्रत्यक्षात अनेकांचं ते संपत नाही. फक्त नाव बदलतं. शाळेतला 'वांड' पोरगा ऑफिसात 'वेंधळा' होतो, आणि अंतर्मुख दिसणारी मुलगी 'आळशी'.

'न्यूरोडायव्हर्सिटी' हा शब्द छापून आला १९९८ मध्ये. ऑस्ट्रेलियाच्या जुडी सिंगर यांचा प्रबंध आणि अमेरिकेच्या हार्वे ब्लूम यांचा लेख, दोन्ही त्याच वर्षीचे. मेंदूंच्या तऱ्हा अनेक असतात, आणि वेगळेपण म्हणजे बिघाडच असं नाही, हा त्यामागचा विचार. सुरुवात ऑटिझमपासून झाली. आज बौद्धिक अक्षमताही अनेकजण याच छत्रीखाली धरतात.

पहिला पेशंट, बँकेतला क्लार्क

१९४३ मध्ये डॉ. लिओ कॅनर यांनी ११ मुलांबद्दल लिहिलं आणि ऑटिझमचं निदान जन्माला आलं. त्यातलं पहिलं नाव होतं मिसिसिपीतल्या फॉरेस्ट गावच्या डोनाल्ड ट्रिप्लेटचं. लहानपणी त्याला संस्थेत ठेवलं होतं. आईने घरी परत आणलं. मग काही वर्षं तो एका शेतकरी जोडप्याकडे राहिला. त्याला मोजायचं वेड, तर शेतकऱ्याने मक्याच्या ओळी मोजायला लावल्या. मोजता मोजता पोरगं नांगर धरायला शिकलं! पुढे डोनाल्डने घरच्या बँकेत नोकरी केली, गाडी चालवली, गोल्फ खेळला, एकट्याने देश पाहिले. २०२३ मध्ये ८९ व्या वर्षी तो गेला. घरी पैसा होता हे खरंच. पण गावाने त्याला सांभाळून घेतलं, आपल्यातला मानलं, हेही तितकंच खरं.

आता कोळवणला परत या. साधना व्हिलेजची प्रेरणा आहे कॅम्पहिल चळवळ. व्हिएन्नाचे डॉ. कार्ल कोनिग नाझींपासून पळून स्कॉटलंडला पोचले आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुरुवातीला त्यांनी ती उभी केली. तत्त्व सोपं. वॉर्ड नको, घर हवं. पेशंट नको, सोबत राहणारी माणसं हवीत. आणि प्रत्येकाच्या हाताला जमेल ते काम. इथल्या रहिवाशांना 'विशेष मित्र' म्हणतात. संस्थेचं कामही कुंपणाआड थांबत नाही. आसपासच्या गावांच्या विकासातही ती आहे. त्यामुळे इथल्या माणसांना शेजार मिळतो.

'आमच्यानंतर हिचं काय?' हा प्रश्न हजारो मराठी आई-बाबांना रात्री झोपू देत नाही. एका संस्थेने तो सुटत नाही. कोळवणची जागा मोजकी, रांग मोठी. उरलेलं उत्तर आपल्या सोसायटीत आणि आपल्या क्युबिकलमध्ये शोधावं लागेल.

म्हणून सोमवारी एवढं करून बघा. टीममध्ये कुणाला गोंगाट सोसत नसेल तर कोपऱ्यातली जागा द्या. तोंडी सूचना विसरणाऱ्याला दोन ओळींचा मेल टाका. नजरेला नजर न देणाऱ्याला लगेच 'अ‍ॅटिट्यूड' म्हणू नका. आणि कधी कोळवणला गेलात, तर साधना व्हिलेजला आधी फोन करून जा. ते लोकांचं घर आहे.