उन्हाळ्याची तयारी : पापड-कुरडयांच्या आधी

होळी जवळ आली की आपल्या गच्च्या पापड-कुरडयांनी भरू लागतात. तिखट-मसाला, नवे माठ, लोणच्याच्या बरण्या, सगळी यादी आपल्याला तोंडपाठ असते. पण मैत्रिणींनो, उन्हाळ्याची तयारी म्हणजे एवढीच का? मी चंद्रपूरची. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जाणं आमच्याकडे नवलाचं नाही. तरीही गेल्या वर्षापर्यंत मीसुद्धा ऊन हे बाहेरचं संकट, घरात बसलं की झालं, असंच समजत होते.

सासूबाईंची खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. त्या दिवशी दुपारी दोन तास वीज नव्हती. चार वाजता चहा घेऊन गेले, तर त्या काहीतरी असंबद्ध बोलत होत्या. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाचा टिपूस नाही. मी तापाची गोळी दिली आणि ताप उतरण्याची वाट बघत बसले! डॉक्टर आले तोवर अर्धा तास वाया गेला होता. त्या वाचल्या, पण आठ दिवस रुग्णालयात काढावे लागले. उष्माघातावर तापाची गोळी चालत नाही, हे मला तेव्हा कळलं. आणि म्हणे मी शाळेत मुलांना आरोग्याचे धडे शिकवते.

अंग १०४ च्या आसपास तापलं आणि माणूस बरळू लागला, झटके आले किंवा शुद्ध हरपली, तर तो उष्माघातच समजा. घाम येत असला तरीही. १०८ ला फोन करा, पण गाडीची वाट बघत बसू नका. सावलीत आणा, कपडे सैल करा, अंगावर गार पाणी ओतत राहा आणि वारा घाला. मानेला, काखेत, जांघेत ओली फडकी किंवा बर्फ ठेवा. शुद्धीवर नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. खिशातल्या कांद्याबद्दल म्हणाल, तर तो जेवताना खावा हे बरं.

हा शत्रू फार गुपचूप येतो. अहमदाबादेत मे २०१० मध्ये पारा ४६.८ ला टेकला आणि त्या महिन्यात एरवीपेक्षा तेराशेहून अधिक माणसं जास्त दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये तिथल्या महापालिकेने उष्णतेसाठी कृती आराखडा केला. आपल्या घराचा आराखडा आपणच करायचा. म्हातारी माणसं आणि तान्ही मुलं खालच्या, गार खोलीत हलवा. गच्चीला चुना मारून घ्या. रक्तदाबाची किंवा लघवीची गोळी चालू असेल, तर उन्हाळ्यापुरतं काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारा. आणि स्वतःकडेही बघा बरं का! भर दुपारी शेगडीपाशी उभी असते ती आपणच. स्वयंपाक दहाच्या आत उरका. बाहेर जायचं म्हणून, वाटेत सोय नसते म्हणून, पाणी न पिणं ही आपल्या बायकांची जुनी खोड. ती उन्हाळ्यात तरी सोडा. जुलाब झाले, फार घाम गेला, तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ अंदाजाने घालायचं नाही.

कूलर काढताना वायरमनला बोलवा. पत्र्याच्या कूलरचा शॉक लागून विदर्भात दर उन्हाळ्यात माणसं जातात. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिनच उपसून ठेवा. अर्थिंग तपासून घ्या. कुणी चिकटलंच, तर हात न लावता आधी मेन स्विच पाडा.

आता आगीचं. १५ फेब्रुवारी ते १५ जून हा वनखात्याच्या लेखी आगीचा हंगाम. माझं माहेर सिंदेवाहीकडे, जंगलाला लागून. मोहफुलं वेचायला सोपं जावं म्हणून झाडाखालचा पाला पेटवतात. तीन वर्षांपूर्वी असाच कुणीतरी पेटवला, वारा सुटला आणि आग थेट परसापर्यंत आली. तणसाचा ढीग आणि तुराट्यांचे भारे भिंतीला टेकवून ठेवलेले! मागचं छप्पर गेलं. वहिनीने विळ्याने दावं कापलं म्हणून गाय वाचली.

तेव्हा सुट्टीत माहेरी गेलात की आधी परसात एक चक्कर मारा. तणीस, सरपण, गोवऱ्या घरापासून दूर हलवायला लावा. कौलांवरचा पाला झाडून काढा, कुंपणापलीकडचं वाळलं गवत कापून मोकळी पट्टी ठेवा. पाण्याचे ड्रम भरलेले, ओली करायला पोती हाताशी, कागदपत्रं एका पिशवीत. आग दिसली की आधी जनावरं सोडा. वनखात्याचा क्रमांक १९२६, अग्निशमनाचा १०१. आपण स्वतः वणव्यात सापडलोच, तर चढावर पळू नका. आग चढावर माणसापेक्षा जोरात धावते. नांगरलेल्या रानात, नदीच्या कोरड्या पात्रात किंवा आधीच जळून काळ्या पडलेल्या जमिनीवर जा. नायलॉनची साडी पेटली की अंगाला चिकटते, म्हणून अशा दिवसांत सुतीच नेसा.

आमच्याकडे यंदा होळीच्या दिवशीच सासूबाईंची खाट खाली आली. खाली भांड्यांच्या आवाजाने दुपारची झोप होत नाही, अशी त्यांची रोजची तक्रार असते. मी भांडी आपटतच घासते, दर अर्ध्या तासाने हाकही मारते, आणि त्या चिडून ओ देतात.