सुईच्या टोकावर जगणारी माणसं

जानेवारीत नाशिक-महाबळेश्वरचा पारा ५-६ अंशांवर उतरला की आपली कशी गाळण उडते! स्वेटर, मफलर, कानटोपी आणि वर आजीची गोधडी. आता अशी जागा डोळ्यांसमोर आणा, जिथे पारा शून्याच्या खाली ३०-४० अंशांवर जातो. चहूकडे बर्फ. कापूस पिकत नाही, मेंढ्या नाहीत, झाड तर औषधालाही सापडायचं नाही. अशा ठिकाणी माणूस राहील का?

राहतो, आणि शेकडो वर्षं राहत आलाय! कॅनडाच्या अगदी उत्तरेला आणि ग्रीनलँडमध्ये राहणारे हे लोक म्हणजे इनुइट. जुन्या पुस्तकांत त्यांना 'एस्किमो' म्हटलेलं असतं. पण ते स्वतःला इनुइट म्हणवतात. त्यांच्या भाषेत या शब्दाचा अर्थच मुळी 'माणसं' असा आहे.

तुम्ही म्हणाल, "त्यात काय, बर्फाचं घर बांधलं की झालं!" पण घर काही शिकारीला बरोबर येत नाही. अंगावरचा कपडा मात्र येतो. म्हणूनच इनुइट कुटुंबात शिकाऱ्याच्या भाल्याइतकीच मोलाची वस्तू होती ती म्हणजे सुई. हाडाची किंवा वॉलरसच्या सुळ्याची, हातानं घासून घासून बनवलेली. ती हरवू नये म्हणून जपून ठेवायला खास डबी असे.

कापड नाही, मग शिवायचं काय? तर कॅरिबूचं कातडं. कॅरिबू म्हणजे उत्तर अमेरिकेतलं रेनडिअर. त्याच्या केसांत हवेनं भरलेले बारीक बारीक कप्पे असतात. हवेतून उष्णता सहजासहजी बाहेर जात नाही, हे तुम्ही विज्ञानात शिकला असालच. इनुइट लोक हिवाळ्यात एकावर एक असे दोन पोशाख घालत. आतल्याचे केस अंगाकडे, बाहेरच्याचे केस बाहेर. मधे हवेचा थर. जणू अंगावर थर्मासच! पोशाख ढगळ ठेवत, म्हणजे पळापळ झाली तरी आतली गरम हवा गळ्याजवळून निघून जाई आणि घाम साचत नसे. कारण तिथे घाम हा मोठा शत्रू. ओला कपडा गोठला की खेळ संपला.

आता शिवणकामाची खरी करामत ऐका. कातडं कापायला 'उलू' नावाची अर्धचंद्रासारखी सुरी असे. दोरा कशाचा? कॅरिबूच्या पाठीतली चिवट कंडरा वाळवायची आणि तिचे बारीक तंतू सोलून काढायचे. हा दोरा ओला झाला की फुगतो आणि सुईनं पाडलेलं भोक आपोआप बुजतं! पाण्यात वापरायच्या बुटांना आणि होडीला तर त्याहून अवघड टाका घालत. सुई कातड्याच्या आरपार घालायचीच नाही, निम्म्या जाडीतून फिरवून बाहेर काढायची. भोकच आरपार नाही, तर पाणी येणार कुठून? बुटाचे जाड तळवे मऊ करायला बायका ते दातांनी चावत. वर्षानुवर्षं चावून म्हाताऱ्या बायकांचे दात झिजून जात.

यात हयगय चालत नसे, बरं का! शिवण एका जागी उसवली तर शिकाऱ्याची बोटं हिमदंशानं जायची. 'कायाक' नावाच्या होडीवरचं सीलचं कातडंही बायकाच शिवत. एक टाका सैल राहिला तर होडीतला माणूस गोठणाऱ्या पाण्यात जायचा. म्हणून लहानपणीच मुली आई-आजीजवळ बसून उरल्यासुरल्या तुकड्यांचे बाहुलीचे कपडे शिवू लागत. वाटायला खेळ, पण तीच त्यांची शाळा होती.

बाहेरच्या जगाला या सुईची किंमत जरा उशिराच कळली. १८४५ साली सर जॉन फ्रँकलिन यांच्या मोहिमेत दोन जहाजं आणि १२९ माणसं या भागात गेली. जहाजं किंग विल्यम बेटाजवळ बर्फात अडकली आणि भूक, आजार, थंडी यांनी सगळे संपले. एकही जण परतला नाही. पुढे १९०३ साली नॉर्वेचा रोआल्ड अमुंडसेन त्याच बेटावर आला. त्यानं दोन हिवाळे तिथे काढले, पण शेजारच्या नेत्सिलिक इनुइटांचा शिष्य होऊन! कपडे कसे घालायचे, कुत्र्यांची घसरगाडी कशी हाकायची, सारं तो शिकला. १४ डिसेंबर १९११ रोजी दक्षिण ध्रुवावर पहिलं पाऊल अमुंडसेनच्या तुकडीचं पडलं, तेव्हा केसाळ कातड्याचे तसे कपडे तिच्या सामानात होते. ज्या बायकांच्या हातचं हे ज्ञान होतं, त्यांची नावं मात्र पाठ्यपुस्तकात सापडत नाहीत.

आज काय परिस्थिती आहे? १९९९ साली कॅनडात इनुइटांचा 'नुनावुत' हा प्रदेश झाला. तिथे दुकानं आहेत, तयार जाकिटं आहेत, बर्फावर धावणाऱ्या मोटारगाड्या आहेत. पण मधल्या काळात एक मोठा घाव बसला. विसाव्या शतकात अनेक इनुइट मुलांना घरापासून दूर, निवासी शाळांत ठेवलं गेलं. तिथे त्यांची भाषा तुटली आणि आजीजवळ बसून शिवायचे दिवसही गेले. या शाळांबद्दल कॅनडा सरकारनं २००८ साली जाहीर माफी मागितली. आता इनुइट बायका पुन्हा वर्ग भरवून मुलींना शिवण शिकवतात. पाठीवर टोपड्याखालच्या पिशवीत बाळ ठेवायचा 'अमाउती' हा आयांचा अंगरखा आजही शिवला जातो.

पण नुसती सुई असून भागतं का? कातडंही हवं! कॅनडातला बॅथर्स्ट नावाचा कॅरिबूंचा कळप १९८६ साली सुमारे ४ लाख ७० हजारांचा होता. २०१८ च्या मोजणीत तो जेमतेम ८ हजारांवर आला. बॅफिन बेटावर तर २०१५ साली कॅरिबूची शिकार काही काळ पूर्ण थांबवावी लागली. प्राणी गेला तर टाकाही जाईल, हे तिथल्या आज्या ओळखून आहेत.

आता तुमच्यासाठी एक उद्योग. जुन्या रेनकोटचे चार तुकडे घ्या. दोन तुकडे बारीक सुई आणि सुती दोऱ्यानं अगदी दाट टाके घालून जोडा. उरलेले दोन जाड सुईनं, लांब लांब टाके घालून जोडा. (आई-बाबांना जवळ बसवा, सुई बोटात घुसायला नको!) मग एकेक जोड वाटीवर खोलगट धरून वर पाणी ओता आणि पाच मिनिटांत कुठून किती थेंब पडतात ते मोजा. जमलं तर आजीलाही एक जोड शिवायला सांगा. तिच्या वाटीत किती थेंब पडतात, बघा बरं!