693 दिवसांचा संसार

6 कोटी 50 लाख. सिंगापूरच्या पश्चिम टोकाला तुआस इथे बांधले जाणारे बंदर 2040 च्या दशकात पुरे झाले की दरवर्षी इतके डबे तिथे चढू-उतरू शकतील. डबा म्हणजे वीस फुटी कंटेनर. बंदराचा सगळा हिशेब याच मापात चालतो; चाळीस फुटी आला की दोन धरतात. हे डबे एकापुढे एक मांडत गेलो तर रांग 3 लाख 96 हजार किलोमीटरची होते, आणि चंद्र सरासरी 3 लाख 84 हजार किलोमीटरवर आहे. अर्थात सिंगापूरला येणारा बहुतेक माल एका जहाजातून उतरून दुसऱ्यात चढतो. तोच डबा उतरताना एकदा आणि चढताना एकदा, असा दोनदा मोजला जातो. त्यामुळे खरी रांग चंद्राची निम्मी वाट ओलांडून थोडी पुढे थांबेल. तरी सेकंदाला दोन डबे, चोवीस तास, वर्षाचे 365 दिवस. आपल्या न्हावा-शेव्याने 2024-25 मध्ये 73 लाखांच्या आसपास डबे हाताळले. सिंगापूरने 2024 मध्येच 4 कोटी 11 लाख.

हा सगळा पसारा ज्या देशाचा आहे, तो 1965 मध्ये 581 चौरस किलोमीटरचा होता. बृहन्मुंबई 603.

इतक्याशा जागेत इतके मोठे बंदर लागलेच कशाला, याचे उत्तर एका मोडलेल्या संसारात आहे. 16 सप्टेंबर 1963 रोजी सिंगापूर मलेशियात सामील झाले आणि 9 ऑगस्ट 1965 रोजी बाहेर पडले. मधले दिवस मोजले तर 693 भरतात. सामील होण्यामागचा मुख्य आर्थिक हेतू सामाईक बाजारपेठेचा होता. सिंगापूरची लोकसंख्या 19 लाखांच्या आत. एवढ्या गिऱ्हाइकांवर कारखाना चालत नाही. पलीकडे मलायात मोठी बाजारपेठ होती. तिथे जकातीशिवाय माल गेला तरच जुरोंगच्या दलदलीत उभ्या राहणाऱ्या कारखान्यांची धुरांडी पेटणार होती. अर्थमंत्री गोह केंग स्वी यांनी त्या दलदलीवर पैसा लावला तेव्हा लोक तिला ‘गोहचा वेडेपणा’ म्हणत.

सौदा असा ठरला होता: सिंगापुरात गोळा होणाऱ्या राष्ट्रीय करांतले 40 टक्के क्वालालंपूरला, शिवाय बोर्निओ बेटावरच्या साबा आणि सारावाक या राज्यांसाठी 15 कोटी मलायन डॉलरचे कर्ज, आणि त्या बदल्यात बारा वर्षांत टप्प्याटप्प्याने सामाईक बाजारपेठ. बाजारपेठ आली नाही. 1964 च्या अखेरीस मलेशियाचे अर्थमंत्री तान सिऊ सिन 40 च्या जागी 60 टक्के मागू लागले. त्याच वर्षी जुलै आणि सप्टेंबरमध्ये चिनी-मलय दंगलींत 36 जण मारले गेले होते. पैशाचे भांडण आणि वंशाचे भांडण एकमेकांत असे गुंतले की कुठले आधी सोडवावे हे कुणालाच सुचेना. शेवटी मलेशियाचे पंतप्रधान टुंकू अब्दुल रहमान यांनी गाठ कापूनच टाकली. मलेशियाच्या संसदेत 126 मते सिंगापूरला वेगळे करण्याच्या बाजूने पडली, विरोधात एकही नाही. त्या सोमवारी दूरचित्रवाणीवर बोलताना सिंगापूरचे पंतप्रधान ली क्वान यू यांना रडू आवरेना, थोडा वेळ चित्रण थांबवावे लागले. आज सिंगापूरच्या श्रीमंतीच्या गोष्टी सांगताना हा प्रसंग बहुतेक जण गाळतात, आणि तिथेच मला चूक वाटते. तो माणूस विजयाच्या आनंदात बाहेर पडलेला नव्हता.

पुढचा फटका लगेच आला. ब्रिटनने जानेवारी 1968 मध्ये जाहीर केले की आपले सैन्य 1971 पर्यंत सिंगापूर सोडणार. ब्रिटिश लष्करी तळांवर देशाच्या उत्पन्नाचा जवळजवळ पाचवा हिस्सा अवलंबून होता. शेजारची बाजारपेठ गेली, पाठोपाठ पलटणीही चालल्या. मग गिऱ्हाईक जगभर शोधण्यावाचून मार्गच उरला नाही. जगाला माल विकायचा तर बंदर जगाच्या मापाचे लागते. सिंगापूरचा परदेशी व्यापार आज त्याच्या एकूण उत्पन्नाच्या तिप्पट आहे.

तुआसला याचे वजन डोळ्यांना दिसते. पहिल्या टप्प्याचा धक्का 221 पोकळ काँक्रीट पेट्यांचा आहे. एकेक पेटी 28 मीटर उंच, म्हणजे नऊ-दहा मजली इमारत, आणि वजन 15 हजार टन. दहा टनी ट्रक दीड हजार लागतील एका पेटीच्या वजनाला. किनाऱ्यावर ओतून, समुद्रात तरंगवत नेऊन या पेट्या रांगेत बुडवल्या आणि 8.6 किलोमीटरची भिंत झाली. पूर्ण बंदर 1,337 हेक्टरचे होईल, शिवाजी पार्कची शंभरावर मैदाने. भराव घालायला वाळू हवी, पण मलेशियाने 1997 मध्ये आणि इंडोनेशियाने 2007 मध्ये वाळूची निर्यात बंद केली. म्हणून पहिल्या टप्प्यात निम्म्याहून अधिक भराव समुद्रतळ खोदून निघालेल्या गाळाचा आणि मातीचा घातला. तुआस हे नावच मुळी मासेमारीचे आहे: मलय कोळी पाण्यात झावळ्या टाकत, सावलीला मासे जमत, मग जाळे वर ओढत. आज तिथे विनाचालक गाड्या डबे वाहतात.

सामुद्रधुनीच्या पलीकडे, नजरेच्या टप्प्यात, मलेशियाच्या जोहोर राज्यातले तांजुंग पेलेपास बंदर आहे. 2000 साली मर्स्क या जहाज कंपनीने सिंगापूरचा मुक्काम हलवून तिथे नेला. 2024 मध्ये पेलेपासने 1 कोटी 20 लाखांहून अधिक डबे हाताळले. ऑक्टोबर 2018 मध्ये मलेशियाने जोहोर बाहरू बंदराची हद्द वाढवून थेट तुआससमोरच्या पाण्यावर हक्क सांगितला, सिंगापूरनेही आपली हद्द वाढवली. एप्रिल 2019 मध्ये दोघांनी वाढीव रेघा मागे घेतल्या. वेगळे होऊन तेव्हा 53 वर्षे उलटली होती.

ब्रेक्झिटच्या वेळी ब्रिटनमध्ये काही जण ‘थेम्सकाठचे सिंगापूर’ करू म्हणत होते. त्यांनी अर्धीच गोष्ट वाचली होती. सिंगापूर एका गटातून बाहेर पडले आणि दोन वर्षांत, 8 ऑगस्ट 1967 ला, आसियान या शेजारी देशांच्या संघटनेचे संस्थापक सदस्य झाले. त्यानंतर ते एकामागून एक व्यापार करार करत आले. भारताशी 2005 मध्ये. आपल्याकडेही 4 नोव्हेंबर 2019 ला भारत आरसेप या आशिया-प्रशांत देशांच्या व्यापार कराराच्या वाटाघाटींतून बाहेर पडला. तेव्हा महाराष्ट्रातल्या दूध उत्पादकांना हायसे वाटले, आणि ते बरोबरच होते, कारण न्यूझीलंडच्या दूध पावडरीपुढे दोन म्हशींच्या गोठ्याचा टिकाव लागला नसता. पण नंतर संयुक्त अरब अमिराती, ऑस्ट्रेलिया, ब्रिटन असे एकेक करार भारतालाही करावेच लागले. ‘सिंगापूर बघा, बाहेर पडून कसे सुधारले’ असे कुणी सांगितले तर त्याला या करारांची यादी विचारावी.

7 जानेवारी 2025 रोजी सिंगापूर आणि मलेशियाने जोहोर-सिंगापूर विशेष आर्थिक क्षेत्राच्या करारावर सह्या केल्या. माल आणि माणसे सीमेवरून सहज जावीत, हा त्याचा हेतू. 1963 ला मागितलेल्या गोष्टीचा एक तुकडा साठ वर्षांनी पदरात पडला.

पाण्याचा हिशेब मात्र जुनाच आहे. 1962 च्या कराराने सिंगापूर जोहोर नदीतून रोज 25 कोटी गॅलन पाणी घेऊ शकते, हजार गॅलनला तीन मलेशियन सेन या दराने. म्हणजे साधारण अर्धा टँकर पाणी आपल्या साठ पैशांच्या आसपास. तो करार 2061 मध्ये संपतो. तुआसला समुद्राचे पाणी गोडे करणारे तीन कारखाने उभे आहेत. त्यातला पहिला 2005 मध्ये सुरू झाला.