पावसाळ्यातही आकाश उघडे

पन्हाळगड पावसाळ्यात धुक्यात बुडतो. शिवाजी विद्यापीठाचे अवकाश संशोधन केंद्र याच गडावर. पण ढगांतून दुर्बीण काय पाहणार?

इस्रोने २०१५ साली सोडलेल्या ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’ या दुर्बिणवाहू उपग्रहाला ही अडचण नाही. त्याच्या नोंदी बंगळुरूजवळच्या केंद्रात साठतात, राखीव मुदत संपली की सर्वांना खुल्या होतात. संकेतस्थळावर नाव नोंदवायचे, ताऱ्याचे नाव किंवा स्थान द्यायचे, फाइल उतरवायची. हाती बहुधा सुबक चित्र नव्हे, तर कोणता फोटॉन कधी, कुठे आदळला याची लांबलचक यादी येते. खरी मेहनत पुढेच!

पुण्याच्या ‘आयुका’ या खगोलसंशोधन संस्थेतील कनक साहा यांच्या गटाने ‘अ‍ॅस्ट्रोसॅट’च्या २०१६मधील २८ तासांहून अधिक निरीक्षणांतून ९.३ अब्ज प्रकाशवर्षे दूरच्या दीर्घिकेचे अतिनील किरण टिपले. शोधनिबंध आला २०२०मध्ये.

नोंदी फुकट आहेत. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी पावसाळा वाया घालवू नये.