जुन्या लॅपटॉपसाठी लिनक्स: सगळ्यात हलकं नको, मशीनला झेपेल ते निवडा

घरी कपाटावर एखादा जुना लॅपटॉप धूळ खात पडलाय? विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीपासून पुढचा. म्हणजे २०१३-१४ चे लॅपटॉप बाद. पण मशीन चालू असेल तर भंगारात द्यायची घाई करू नका. त्यावर लिनक्स टाकता येतं, तेही फुकट.

लिनक्सचे शेकडो डिस्ट्रो आहेत. डिस्ट्रो म्हणजे लिनक्स कर्नल, डेस्कटॉप आणि रोजची अ‍ॅप्स एकत्र बांधून दिलेलं तयार पॅकेज. मग यातलं घ्यायचं कोणतं?

मी काय चूक केली?

माझ्या मामेबहिणीला डिप्लोमासाठी लॅपटॉप हवा होता. नवा घेणं परवडणारं नव्हतं. घरातल्या जुन्या लॅपटॉपमध्ये ४ जीबी रॅम होती. मी उत्साहात सगळ्यात हलक्यांपैकी एक, अँटीएक्स, टाकला. लॅपटॉप पळायला लागला, मी खूश! आठवड्याभराने तिचा फोन आला, "दादा, यात मला काहीच सापडत नाही. मी परत मोबाईलवरच अभ्यास करतेय."

दोष अँटीएक्सचा नव्हता. ४ जीबीच्या मशीनला एवढी काटकसर नकोच होती. मग लिनक्स मिंटची एक्सएफसीई आवृत्ती टाकली. आज ती त्यावरच पायथन शिकतेय.

आधी दोन गोष्टी तपासा

विंडोजमध्ये सेटिंग्ज, सिस्टिम, अबाउट इथे जा. रॅम किती आहे ते बघा आणि 'सिस्टिम टाइप' वाचा. तिथे '३२-बिट ऑपरेटिंग सिस्टिम, एक्स६४ प्रोसेसर' असं दिसलं तर तुमचा प्रोसेसर ६४-बिटच आहे. फक्त विंडोज ३२-बिट टाकलेलं आहे. अशा वेळी ६४-बिट डिस्ट्रो घ्या. ३२-बिटचे पर्याय झपाट्याने कमी होतायत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ नेही ३२-बिट पीसीसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं.

रॅमनुसार निवड

- १ जीबी किंवा ३२-बिट प्रोसेसर: अँटीएक्स २३. दिसायला साधं, शिकायला थोडा वेळ लागतो.
- २ जीबी: लुबुंटू किंवा एमएक्स लिनक्स.
- ४ जीबी: लिनक्स मिंट एक्सएफसीई. विंडोजची सवय असलेल्यांना मेन्यू लगेच कळतो. मिंट २२ ला २०२९ पर्यंत अपडेट्स आहेत.
- ८ जीबी: हलकं शोधूच नका, मिंटची सिनेमन आवृत्ती घ्या.

एक लक्षात ठेवा, डिस्ट्रो हलका झाला म्हणून ब्राउझर हलका होत नाही. हलक्या डिस्ट्रोने काहीशे एमबी वाचवले, तरी फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये चार-पाच टॅब उघडले की ते संपतात. त्यामुळे थोडे पैसे घालायचे असतील तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी बसवा. लॅपटॉप चालू होण्यात आणि अ‍ॅप उघडण्यात जो फरक पडतो, तो कुठल्याही डिस्ट्रोने पडत नाही.

इन्स्टॉल करण्याआधी

८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या, त्यातला डेटा दुसरीकडे हलवा आणि रूफस वापरून आयएसओ फाईल त्यावर लिहा. पेनड्राइव्हवरून लॅपटॉप सुरू केला की काहीही इन्स्टॉल न करता लिनक्स वापरून बघता येतं. यालाच लाइव्ह मोड म्हणतात. यात वेग कमीच वाटेल, त्यावरून मत बनवू नका. वायफाय, आवाज, कॅमेरा, टचपॅड चालतं का, झाकण बंद करून उघडल्यावर स्क्रीन परत येते का, ते तपासा. कीबोर्ड सेटिंगमध्ये मराठी इनस्क्रिप्ट लावून दोन ओळी टाइपही करून बघा.

एमएस ऑफिस आणि फोटोशॉप यावर थेट चालत नाहीत. ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस आहे. पण कॉलेजच्या ऑनलाइन परीक्षेचं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालत असेल, तर ते आधीच विचारून घ्या.

आणि शेवटचं, इन्स्टॉल करताना 'इरेज डिस्क' निवडलं की जुनं सगळं जातं. घरच्या लग्नाचे फोटो, बाबांच्या फाईल्स, सगळं. त्यामुळे आधी बॅकअप घ्या, तो उघडून बघा आणि मगच ते बटण दाबा.