आवाज मागून येतो, आवाज फाटतो
घरातला स्टुडिओ : लेखांक ६

मागच्या लेखांकात माइक, इंटरफेस आणि हेडफोन यांची जोडणी करून झाली. आता लाल बटण दाबून गायला किंवा वाचायला बसलं की दोनपैकी एक तक्रार हमखास येते. पहिली म्हणजे आपलाच आवाज कानात मागून येतो. तबल्याची सम पडून जाते आणि आपला सूर तिच्यामागून रेंगाळत पोचतो. दुसरी म्हणजे रेकॉर्डिंग मध्येच फाटतं. कधी सुटी ‘टक्’, कधी ‘चर्र’, कधी सलग खरखर. एक घालवायला जावं तर दुसरी वाढते. मग घरोघरी एकच निकाल लागतो : इंटरफेसचा डबा खराब आहे. दुकानातून आणखी महागाचा डबा येतो आणि तोही आठवडाभरात खरखरायला लागतो.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या भानगडीत यूएसबी इंटरफेस क्वचितच दोषी असतो. बहुतेक वेळा दोष संगणकाच्या कारभारात असतो, उरलेल्या वेळी तारेत. आणि तो शोधायला पैसे लागत नाहीत, थोडा धीर लागतो.

इंटरफेस माइकचा आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजतो. प्रत्येक मोजमाप म्हणजे एक सॅम्पल. संगणकाला एकेक सॅम्पल सुटं घेणं परवडत नाही, कारण त्याच्यामागे इतर शंभर कामं असतात. म्हणून सॅम्पल साठवून त्यांचा गठ्ठा उचलला जातो. या साठ्याला बफर म्हणतात. सोसायटीच्या गच्चीवरची टाकी डोळ्यांपुढे आणा. खालून पाणी वेळीअवेळी चढतं, तरी नळ अखंड चालतो, कारण मध्ये टाकी आहे. टाकी लहान असेल तर पंप जरा उशिरा सुरू झाला की नळ कोरडा पडतो; तो कोरडा क्षण म्हणजे आपली ‘टक्’. टाकी मोठी असेल तर नळ कोरडा पडत नाही, पण आत्ता चढलेलं पाणी नळापर्यंत यायला वेळ लागतो.

तो वेळ किती, याचा हिशोब शाळकरी आहे. बफरचा आकार भागिले सॅम्पल रेट. २५६ सॅम्पलचा बफर आणि ४८,००० चा रेट धरला तर ५.३ मिलिसेकंद. ६४ चा बफर ठेवला तर १.३, आणि १०२४ चा ठेवला तर २१.३. मात्र आवाज आत येतो आणि बाहेरही जातो, म्हणजे वाटेत दोन बफर लागतात. शिवाय आवाजाचे आकडे आणि आकड्यांचा आवाज करणाऱ्या चिपा आपला वाटा घेतात, यूएसबीही घेते. त्यामुळे २५६ च्या सेटिंगवर प्रत्यक्ष फेरी बारा-पंधरा मिलिसेकंदांच्या घरात जाते.

हे फार आहे की थोडं? हवेत आवाज एका मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर जातो. दहा मिलिसेकंदांचा उशीर म्हणजे साडेतीन मीटरवर ठेवलेल्या स्पीकरचा आवाज. मंचावर तबलजी आणि गायक यांच्यात एवढं अंतर असलं तर कुणी तक्रार करत नाही. पण हेडफोन लावून गाणाऱ्याची अडचण वेगळी असते. त्याचा आवाज डोक्याच्या हाडांतून त्याला तात्काळ ऐकू येत असतो, त्यावर हेडफोनमधली उशिराची प्रत येऊन बसते. थोड्याच मिलिसेकंदांचा फरक असला तर आवाज पोकळ वाटतो, वीस-तीसच्या पुढे गेला की लयच सुटते. ब्लूटूथ हेडफोनवर हा उशीर शंभर-दोनशे मिलिसेकंदांपर्यंत जातो, म्हणून रेकॉर्डिंगच्या वेळी ते कपाटात ठेवावेत. त्यावर वाद घालण्यात अर्थ नाही.

ज्यांना फक्त गायचं किंवा अभिवाचन करायचं आहे, त्यांनी बफरशी झटापट करूच नये. बहुतेक इंटरफेसवर ‘डायरेक्ट मॉनिटर’ नावाचं बटण किंवा खुंटी असते. ती चालू केली की माइकचा आवाज संगणकाची वारी न करता डब्यातूनच हेडफोनमध्ये येतो. फक्त सॉफ्टवेअरमधलं मॉनिटरिंग आठवणीने बंद करा, नाहीतर एकाचे दोन आवाज ऐकू येतील. मग बफर खुशाल ५१२ किंवा १०२४ ठेवा. लहान बफरची खरी गरज लागते ती कीबोर्ड जोडून संगणकातली वाद्यं वाजवणाऱ्याला, किंवा गिटारवर सॉफ्टवेअरचे इफेक्ट लावून तेच ऐकत वाजवणाऱ्याला.

विंडोजवाल्यांसाठी आणखी एक गोष्ट. विंडोज सगळ्या प्रोग्रामांचे आवाज एकत्र मिसळून पुढे पाठवते आणि त्या मिसळण्यात वेळ जातो. ही वाट टाळण्यासाठी स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ साली एएसआयओ ही पद्धत आणली. सॉफ्टवेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये एमएमई किंवा डायरेक्टसाउंड निवडलेलं असेल, तर कितीही भारी इंटरफेस घेतला तरी आवाज मागूनच येणार. इंटरफेसच्या कंपनीचा स्वतःचा एएसआयओ ड्रायव्हर असेल तर तोच घालावा. नसेल तरच ‘एएसआयओ फॉर ऑल’ या सर्वांसाठीच्या तोडग्याकडे जावं. मॅकवर ही कटकट नाही, तिथे कोअर ऑडिओ मुळातच त्या कामासाठी बांधलेला आहे.

या निमित्ताने ऑनलाइन शिकवणीबद्दल एक वाक्य. पुण्यातले गुरुजी आणि न्यू जर्सीतली शिष्या यांच्यात साडेबारा हजार किलोमीटरच्या आसपास अंतर आहे. फायबरमध्ये प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे एका बाजूने किमान साठ मिलिसेकंद, फेरीला सव्वाशे. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. तिकडे तबला आणि इकडे गाणं अशी एकत्र संगत कुठल्याही इंटरफेसने जमणार नाही. त्यासाठी कुणी यंत्र विकायला आलं तर त्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

आता खरखर. ती कुठली आहे हे आधी ओळखायचं. सतत ‘घूंऽऽ’ येत असेल आणि लॅपटॉपचा चार्जर काढल्यावर थांबत असेल, तर ती विजेची ५० हर्ट्झची गुणगुण. ते दुखणं अर्थिंगचं आहे. माउस हलवला की बारीक शिट्टी बदलत असेल, तर यूएसबीतून येणाऱ्या विजेतली घाण आहे. फक्त वरच्या पट्टीत, जोर लावल्यावर आवाज फाटत असेल तर माइकचा गेन कमी करा. आणि हळू बोला की मोठ्याने, आवाज कधीही, कसाही तुटत असेल तर ती बफर कोरडा पडल्याची खूण.

कानावर भरवसा नसेल तर डोळ्यांनी बघा. खरखर झाली ती जागा सॉफ्टवेअरमध्ये मोठी करत जा, एकेक सॅम्पल ठिपक्यासारखं दिसेपर्यंत. गेन जास्त असेल तर लाटेचा माथा सपाट कापलेला दिसतो. बफर कोरडा पडला असेल तर लाट गोलाईने चढत असते आणि एका ठिपक्यावर सरळ उभी कोसळते. पुढची लाट भलत्याच उंचीवरून सुरू होते. मधले ठिपके हरवलेले असतात. हा उभा कडा एकदा पाहिला की विसरत नाही. त्याआधी आणखी एक सोपी परीक्षा : तोच तुकडा दोनदा वाजवा. खरखर दोन्ही वेळा त्याच शब्दावर आली तर ती रेकॉर्डिंगमध्ये शिरली आहे. जागा बदलली तर रेकॉर्डिंग शाबूत आहे, गडबड वाजवताना होते आहे. ही परीक्षा न करता अख्खा अध्याय पुन्हा वाचणारी माणसं मी पाहिली आहेत.

तारेपासून सुरुवात करावी, कारण ती सर्वांत स्वस्त. पेन ड्राइव्हवर फाइल टाकताना एखादा तुकडा बिघडला तर संगणक तो पुन्हा मागतो. आपल्याला पत्ताही लागत नाही. यूएसबीवरून आवाज जातो तो वेगळ्या करारावर : दर मिलिसेकंदाला, आणि यूएसबी २.० च्या हायस्पीडवर दर १२५ मायक्रोसेकंदाला, त्याची जागा राखून ठेवलेली असते. गाडी वेळेवर सुटते, पण हरवलेला तुकडा पुन्हा पाठवला जात नाही. म्हणून ‘याच तारेवर प्रिंटर मस्त चालतो’ हा पुरावा इथे चालत नाही. यूएसबी २.० ची तार पाच मीटरच्या आत हवी, खरं तर दीड-दोन मीटर पुरते. हब काढून टाका. डेस्कटॉप असेल तर कॅबिनेटच्या पुढच्या पोर्टऐवजी मागच्या पोर्टमध्ये थेट जोडा. यूएसबी २.० चं पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतं. कंडेन्सर माइकला लागणारे ४८ व्होल्टही इंटरफेस त्यातूनच काढतो. स्वतःची वीज नसलेल्या हबवर तेच ५०० मिलिअँपिअर माउस, कीबोर्ड आणि पेन ड्राइव्ह यांच्यात वाटले जातात.

तार निर्दोष निघाली की मोर्चा संगणकाकडे. इथे बहुतेकांची फसगत होते ती टास्क मॅनेजर उघडल्यावर. प्रोसेसर दहा टक्केच वापरात दिसतो, मग खरखर कशी? कारण प्रश्न कामाच्या प्रमाणाचा नाही, वेळेचा आहे. वाय-फाय, ग्राफिक्स कार्ड, बॅटरी यांचे ड्रायव्हर अधूनमधून प्रोसेसर ताब्यात घेतात आणि काम होईपर्यंत सोडत नाहीत. एखाद्याने दोन मिलिसेकंद अडवून धरलं आणि आपला बफर ६४ सॅम्पलचा, म्हणजे १.३ मिलिसेकंदांचा असेल, तर तो कोरडा पडणारच. बाकीचा नव्वद टक्के प्रोसेसर मोकळा असून काय उपयोग? म्हणून नवा, जास्त ताकदीचा लॅपटॉप घेऊनही कित्येकांची खरखर जात नाही.

या अडवणाऱ्याला पकडायला ‘लेटन्सीमॉन’ नावाचा प्रोग्राम आहे. तो चालू करून दहा-पंधरा मिनिटं नेहमीचं काम करा, मग ड्रायव्हरांच्या यादीत कुणी जास्तीत जास्त वेळ घेतला ते पाहा. ‘एनडीआयएस डॉट सिस’ वर असेल तर नेटवर्क, म्हणजे बहुधा वाय-फाय. ‘एनव्हीएलडीडीएमकेएम’ असं लांबलचक नाव असेल तर एनव्हिडियाचा ग्राफिक्स ड्रायव्हर. ‘एसीपीआय’ असेल तर बॅटरी आणि वीज सांभाळणारं खातं. एवढाही खटाटोप नको असेल तर रेकॉर्डिंगपुरतं वाय-फाय बंद करून पाहा. वाय-फाय आसपासची नेटवर्कं थोड्या थोड्या वेळाने हुडकत असतं; टिकटिक ठरावीक अंतराने येत असेल तर संशय आधी त्याच्यावरच घ्यावा. त्याखालोखाल वीजबचत. पॉवर ऑप्शन्समध्ये ‘हाय परफॉर्मन्स’ निवडा आणि यूएसबीला झोपवणारं ‘सिलेक्टिव्ह सस्पेंड’ बंद करा. लॅपटॉप चार्जरवर ठीक आणि बॅटरीवर खरखरत असेल तर उत्तर इथेच आहे.

एक प्रकार फार फसवा आहे. यूएसबी माइक एका पोर्टला, हेडफोन लॅपटॉपच्या भोकात. दोघांची घड्याळं वेगळी. दोन्ही ४८,००० म्हणत असली तरी त्यांत दहा लाखांत पन्नास भागांचा फरक पडला, तर सेकंदाला २.४ सॅम्पल इकडेतिकडे होतात आणि २५६ चा बफर पावणेदोन मिनिटांत रिकामा होतो. खरखर मग वेळापत्रकाने येते. हेडफोन त्याच इंटरफेसला किंवा माइकलाच जोडला की प्रश्न मिटतो. मॅकवर दोन उपकरणं एकत्र बांधायचीच असतील तर ‘ऑडिओ मिडी सेटअप’मध्ये ‘ड्रिफ्ट करेक्शन’ची खूण करावी. आणि सगळीकडे सॅम्पल रेट एकच ठेवा : सीडीचा ४४,१००, व्हिडिओचा ४८,०००. हल्ली बहुतेक काम व्हिडिओला जातं, तेव्हा ४८,००० वरच राहावं.

मॅकवाल्यांनीही निर्धास्त राहू नये. टी-२ चिप असलेल्या २०१८ च्या मॅकवर यूएसबी इंटरफेसचा आवाज तुटत असे. लोकांनी डबे बदलले, तारा बदलल्या. शेवटी अनेकांना गुण आला तो घड्याळाची वेळ आपोआप जुळवण्याची सोय बंद केल्यावर. ॲपलने मार्च २०१९ मध्ये, मॅकओएस १०.१४.४ मध्ये या यंत्रांसाठी दुरुस्ती दिली. लिनक्सवर पाइपवायरमध्ये बफर हाताने ठरवता येतो, आणि अडवणुकीवरचा ‘रिअल टाइम’ इलाज २०२४ मध्ये ६.१२ आवृत्तीपासून मूळ कर्नलमध्येच आला आहे.

बफर सुरुवातीला २५६ ठेवा. खरखर आली तर दुप्पट करा, नाही आली तर निम्मा. एका वेळी एकच सेटिंग बदला आणि काय बदललं ते वहीत टिपून ठेवा. इंटरफेसवर तरीही संशय राहिला तर तो मित्राच्या लॅपटॉपला, वेगळ्या तारेने जोडून पाहा. तिथेही खरखरला तरच दुकानाची पायरी चढा. पुढच्या लेखांकात ५० हर्ट्झची ‘घूंऽऽ’ आणि घरातलं अर्थिंग पाहू. तोवर नवा डबा विकत घेऊ नका.