सहा इंची नळी आणि वाढते बीड

१,४६,७०९. ही बीड शहराची २०११ च्या जनगणनेतली लोकसंख्या. २००१ मध्ये ती १,३८,१९६ होती. दहा वर्षांत नगर परिषदेच्या हद्दीत ८,५१३ माणसे वाढली, म्हणजे जेमतेम सहा टक्के. एवढ्या संथ वाढीचा गटारांवर काय ताण पडणार, असे कुणालाही वाटेल. पण सांडपाणी फक्त डोकी मोजून वाढत नाही. ते नळाला किती पाणी येते आणि एका प्लॉटवर किती घरे चढतात, यावरही वाढते. बीडच्या पुढच्या वीस वर्षांचा प्रश्न अशा आकड्यांत आहे.

पहिला आकडा: नळाचे पाणी

देशभर मलनिस्सारण योजनांसाठी केंद्र सरकारची नियमपुस्तिका वापरतात. तिचा साधा हिशोब असा: घरात आलेल्या पाण्यापैकी सुमारे ८० टक्के पाणी सांडपाणी होऊन बाहेर पडते. नळाचे पाणी आहे पण भुयारी गटार नाही, अशा गावासाठी माणशी रोज ७० लिटर पाणी धरतात. भुयारी गटार आहे किंवा होणार आहे, अशा शहरासाठी १३५ लिटर.

हे मापदंड २०११ च्या बीडला लावून पाहू.

• माणशी ७० लिटर धरले, तर रोजचे सांडपाणी ८२ लाख लिटर.
• माणशी १३५ लिटर धरले, तर १ कोटी ५८ लाख लिटर.

माणसे तीच आणि घरेही तीच, तरी सांडपाणी जवळजवळ दुप्पट. माजलगाव धरणावर आणि पालीच्या बिंदुसरा प्रकल्पावर विसंबलेल्या या शहराने अनेक दिवसांआड येणारे पाणी वर्षानुवर्षे सोसले आहे. रोज पुरेसे पाणी मिळावे, ही बीडकरांची मागणी शंभर टक्के रास्त आहे. ती पूर्ण होईल त्या दिवशी नाल्यांवरचा भारही दुप्पट होईल. म्हणून पाणीपुरवठा आणि मलनिस्सारण या योजना हातात हात घालूनच पुढे न्यायला हव्यात. २०१५ मध्ये सुरू झालेल्या ‘अमृत’ योजनेत एक लाखावर लोकसंख्येच्या शहरांमध्ये बीडचा समावेश झाला आणि पाणीपुरवठ्याबरोबर भुयारी गटाराचे कामही हाती आले, ते याच कारणाने महत्त्वाचे.

दुसरा आकडा: नळीत मावते किती

गल्लीतली मलवाहिनी साधारण १५० मिलिमीटरची, म्हणजे सहा इंची असते. नियमपुस्तिकेनुसार एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या गावांसाठी हा सार्वजनिक मलवाहिनीचा किमान व्यास; एक लाखावरच्या शहरांसाठी २०० मिलिमीटर, पण काही भागांत १५० चीही मुभा आहे. दर १५० मीटरला एक मीटर उतार दिला, तर अशी नळी सेकंदाला सुमारे १२ लिटर पाणी वाहून नेते. नळी पूर्ण भरून चालवायची नसते. तिच्या उंचीच्या ८० टक्क्यांपर्यंतच भार धरतात. वरची जागा हवेसाठी आणि आतल्या वायूंसाठी राखायची.

आता माणसे मोजू. माणशी रोजचे सांडपाणी १०८ लिटर, म्हणजे १३५ लिटरच्या ८० टक्के. पण ते दिवसभर सारखे येत नाही. सकाळी आंघोळ, धुणे, भांडी एकाच वेळी सुरू होतात. त्यामुळे २० हजारांपर्यंतच्या वस्तीसाठी सरासरीच्या तिप्पट प्रवाह धरून नळी आखावी लागते. या हिशोबाने सहा इंची नळीवर सुमारे ३,२०० माणसे बसतात. पाच माणसांचे एक घर धरले, तर ६४० घरे.

बार्शी नाका, जालना रोड किंवा नगर रोड परिसरात असू शकेल असा शंभर प्लॉटचा एक ले-आउट डोळ्यांपुढे आणू. प्रत्येक प्लॉटवर एक घर, म्हणजे ५०० माणसे. सकाळच्या गर्दीचा प्रवाह सेकंदाला १.९ लिटर. नळीचा जेमतेम सहावा भाग भरतो. मग बंगले पाडून प्रत्येक प्लॉटवर चार सदनिका उभ्या राहतात. माणसे होतात २,००० आणि प्रवाह ७.५ लिटर. अजून जागा आहे. पण वरच्या अंगाला असाच दुसरा ले-आउट झाला आणि त्याची वाहिनी याच नळीला जोडली, तर १५ लिटर येतात. नळीत मावतात १२. उरलेले तीन लिटर चेंबरचे झाकण उचलून रस्त्यावर येतात, आणि तेही सगळ्यांत खालच्या घरासमोर, ज्याने एक वीटही वाढवलेली नाही.

इथे एक गोष्ट बिल्डर, नगरसेवक आणि घर घेणारे यांनी लक्षात ठेवावी. नळीचा व्यास सहा इंचांवरून आठ इंचांवर नेला, तर त्याच उतारावर तिची क्षमता २.१५ पट होते. १२ लिटरच्या जागी २६ लिटर, ३,२०० माणसांच्या जागी जवळपास ७,०००. सुरुवातीलाच आठ इंची नळी टाकली, तर वाढीव खर्च मुख्यतः नळीचा. खोदाई, खडक फोडणे आणि रस्ता पूर्ववत करणे हा मोठा खर्च तर कोणतीही नळी टाकली तरी करावाच लागतो. दहा वर्षांनी तीच नळी बदलायची म्हटले, की तो सगळा खर्च नव्याने येतो आणि वस्ती महिनोन्महिने चिखलात राहते.

तिसरा आकडा: पावसाचे पाणी

मलवाहिनीचा सगळा हिशोब कोसळतो तो गच्चीच्या पाइपामुळे. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाला २५ मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथून सेकंदाला ०.७ लिटर पाणी उतरते. अशा अठरा गच्च्यांचे पाणी मैल्याच्या चेंबरमध्ये सोडले, तर सहा इंची नळी फक्त पावसानेच भरते. शंभर गच्च्यांचे पाणी जवळपास ७० लिटर, म्हणजे नळीच्या क्षमतेच्या सहापट.

पहिल्या जोराच्या पावसात चेंबर उसळतात, त्यामागे हे गणित असते. पावसाची नाली आणि मैल्याची वाहिनी वेगळी ठेवणे हा नव्या गटाराइतकाच मोठा उपाय आहे आणि त्याला खर्चही कमी. उलट चूकही तितकीच घातक. मैल्याची जोडणी पावसाच्या नालीत केली, की तो थेट बिंदुसरा नदीत जातो. २३ जुलै १९८९ च्या महापुरात या नदीने बीडमध्ये माणसे आणि घरे वाहून नेली. तिचे पात्र मोकळे आणि स्वच्छ ठेवणे हा या शहराच्या सुरक्षेचा प्रश्न आहे.

उतार, खडक आणि काळी माती

मैला उताराने वाहतो. प्रवाहाचा वेग सेकंदाला ०.६ मीटरच्या खाली गेला, तर गाळ तळाशी बसतो. आठ इंची नळीला दर २५० मीटरला एक मीटर उतार द्यायचा, तर सपाट जमिनीवर एका किलोमीटरला ती चार मीटर खोल जाते आणि तीन किलोमीटरला बारा मीटर. मराठवाड्याच्या या पट्ट्यात थोड्या मातीखाली बेसॉल्टचा खडक लागतो. तिथे खोदाईचा खर्च झपाट्याने चढतो, नाहीतर मध्ये पंपिंग स्टेशन बांधून विजेचे बिल कायमचे मागे लावून घ्यावे लागते. उताराचे शास्त्र बीडला नवे नाही. सोळाव्या शतकातली खजाना विहीर भुयारी कालव्यांतून, कोणत्याही यंत्राशिवाय, दूरच्या शेतांना पाणी पोहोचवते.

अनेक दिवसांआडच्या पाण्याने इथे आणखी एक अडचण होते. कोरड्या दिवसांत वाहिनीत प्रवाह कमी, म्हणून गाळ बसतो. पाणी सुटले की सगळी घरे एकदम धुणी काढतात आणि गाळाने अरुंद झालेल्या नळीवर मोठा लोंढा येतो. तुंबलेल्या चेंबरमध्ये मग माणूस उतरवला जातो. हाताने मैला साफ करण्याविरोधातल्या २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय असे उतरवण्यावर बंदी घातली. २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूची भरपाई १० लाखांवरून ३० लाख रुपये केली. अपुऱ्या नळीची सर्वांत मोठी किंमत ही आहे, आणि हे काम ज्यांच्यावर पिढ्यान्‌पिढ्या लादले गेले, तेच समाज ती मोजत आले आहेत.

हद्दीबाहेर भुयारी गटार पोहोचत नाही. तिथे सेप्टिक टँक आणि शोषखड्डा. काळी माती पाणी सहज शोषत नाही. एका घराचे पाणी शोषखड्ड्याने कसेबसे जिरवले, तरी त्याच गुंठ्यावर चार सदनिका आल्या की खड्डा वर्षभर भरलेला राहतो, आणि शेजारच्या बोअरचे पाणी धोक्यात येते. डिसेंबर २०२० पर्यंतची गुंठेवारी, म्हणजे विनापरवाना पाडलेले छोटे प्लॉट आणि त्यांवरची घरे, नियमित करण्याची मुभा राज्याने २०२१ मध्ये दिली. त्यातून घरांना कायद्याचे संरक्षण मिळाले, हे चांगलेच झाले. पण कागद नियमित झाला म्हणून मैल्याची व्यवस्था आपोआप होत नाही.

परवानगी रस्ता पाहते, नळी पाहत नाही

२ डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत दाट वस्तीचा गावठाण भाग सोडून पायाभूत एफएसआय (चटई क्षेत्र निर्देशांक, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधकाम करता येते ते प्रमाण) १.१ आहे. त्यावर प्रीमियम (शुल्क) भरून आणि टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) वापरून वाढीव एफएसआय रस्त्याच्या रुंदीनुसार मिळतो. रस्ता रुंद, तर इमारत उंच. वाहतूक आणि अग्निशमनाच्या दृष्टीने हे योग्यच. पण त्याच रस्त्याखालच्या नळीत किती जागा उरली, याला एफएसआयच्या कोष्टकात स्थान नाही. १२ मीटर रुंद रस्त्याखाली सहा इंची नळी असू शकते, आणि वर शेकडो सदनिकांना परवानगी मिळू शकते. वीस हजार चौरस मीटरवरच्या बांधकामांना पर्यावरण मंजुरी आणि स्वतःचे सांडपाणी प्रक्रिया केंद्र लागते. बीडसारख्या शहरातली बहुतेक वाढ त्याहून कितीतरी लहान इमारतींची, म्हणून ती या चाळणीतून निसटते.

याचा शेवट कुठे होतो, हे मुंबईने पाहिले आहे. घनकचऱ्याचे नियम पाळले जात नाहीत म्हणून फेब्रुवारी २०१६ मध्ये उच्च न्यायालयाने तिथे नव्या बांधकाम परवानग्या थांबवल्या. मार्च २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सशर्त सवलत देईपर्यंत दोन वर्षे गेली. अमेरिकेत वॉशिंग्टनच्या उपनगरांत १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला गटारांची क्षमता संपल्यामुळेच नव्या जोडण्या रोखल्या गेल्या. वेळेवर हिशोब केला नाही, की मग सरसकट बंदी येते. तिचा फटका एक खोली वाढवू पाहणाऱ्या कुटुंबालाही बसतो.

बंदी नाही आली तरी दंड येतो. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्रीय हरित लवादाने महाराष्ट्राला १२ हजार कोटी रुपये भरण्याचा आदेश दिला. त्यात रोज प्रक्रियेविना राहणाऱ्या ५,४२० दशलक्ष लिटर सांडपाण्यासाठी दर दशलक्ष लिटरला २ कोटी रुपये धरले होते. याच दराने बीडच्या १ कोटी ५८ लाख लिटरचा हिशोब सुमारे ३२ कोटींचा होतो. केवळ केंद्र बांधूनही भागत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१ च्या अहवालानुसार देशातल्या प्रक्रिया केंद्रांची क्षमता रोज ३१,८४१ दशलक्ष लिटर, तर प्रत्यक्ष प्रक्रिया २०,२३६. केंद्रापर्यंत मैला आणणाऱ्या गल्लीतल्या जोडण्या नसतील, तर केंद्र रिकामेच उभे राहते.

काय करता येईल

पहिले, प्रत्येक मुख्य वाहिनीची क्षमता, सध्याचा भार आणि मंजूर पण अजून न बांधलेल्या सदनिका यांची नोंद नगर परिषदेने ठेवावी आणि ती लोकांना पाहता यावी. बांधकाम परवानगीवर रस्त्याच्या रुंदीशेजारी नळीचा व्यास आणि शिल्लक क्षमताही छापावी.

दुसरे, वाढीव एफएसआय या शिल्लक क्षमतेशी जोडावा. क्षमता संपली असेल, तर इमारतीच्या प्रीमियमचा ठरावीक हिस्सा त्याच वाहिनीसाठी राखून ठेवावा आणि वाहिनी पूर्ण झाल्यावरच भोगवटा प्रमाणपत्र द्यावे.

तिसरे, जिथे नळी पोहोचायला दहा वर्षे लागतील, तिथे सेप्टिक टँक उपसण्याचे वेळापत्रक हवे. सातारा जिल्ह्यातल्या वाई नगरपालिकेने २०१८ पासून प्रत्येक टाकी ठरलेल्या क्रमाने, साधारण तीन वर्षांनी, उपसण्याची पद्धत सुरू केली आणि गाळावर प्रक्रिया करणारे केंद्रही उभारले. छत्तीस हजारांच्या आसपास लोकसंख्येचे वाई हे करू शकते, तर त्याच्या चौपट मोठ्या बीडला ते अशक्य नाही.

बीड आता रेल्वेनेही जोडले गेले आहे. जमिनीचे भाव, प्लॉटिंग आणि इमारती यांचा वेग वाढणारच, आणि तो वाढावा. मराठवाड्यातल्या तरुणांना पुण्याच्या वाटा धराव्या लागू नयेत, म्हणून या शहराची वाढ गरजेची आहे. पण मलवाहिनीचे नियोजन तीस वर्षांसाठी केले जाते. आज खोदलेल्या चरात टाकलेली सहा इंची किंवा आठ इंची नळी त्या गल्लीचे पुढच्या तीस वर्षांचे भविष्य ठरवते. म्हणून प्रत्येक वॉर्डातल्या नागरिकांनी चर बुजण्याआधी विचारावे: ही नळी किती माणसांसाठी आहे, आणि वर किती माणसांची परवानगी दिली आहे? हे दोन आकडे एकाच कागदावर, शेजारी शेजारी मिळाले पाहिजेत.